पेट्रोलऐवजी बॅटरीवरची शेतीअवजारे: आरोग्याचा कोणता धोका टळतो आणि कोणता उरतो?

थोडक्यात महत्त्वाचे

- पेट्रोलवरचा ग्रास कटर किंवा फवारणी पंप बदलून बॅटरीवरचा घेतला की धूर, पेट्रोलची हाताळणी आणि गरम सायलेन्सरचे चटके हे धोके जातात. आवाज आणि हाताला बसणारी थरथरही बहुधा कमी होते.
- फिरणारे पाते, उडणारे खडे आणि फवारणीचे विषारी औषध हे धोके जसेच्या तसे राहतात.
- बॅटरी पंपाने न थकता जास्त फवारणी होते. त्यामुळे काळजी घेतली नाही, तर औषधाचा संपर्क पूर्वीपेक्षा वाढू शकतो.
- दमा, हृदयविकार, कानात सतत आवाज येणे, बोटे बधिर किंवा पांढरी पडणे यांपैकी काही त्रास असेल, तर बदलाचा विचार लवकर करावा.
- फवारणीनंतर लाळ गळणे, उलट्या, डोळ्यांची बाहुली बारीक होणे किंवा दम लागणे दिसले, तर १०८ ला फोन करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

हा विषय डॉक्टरांचा कसा?

पुणे-सोलापूर महामार्गावरचे माढा तालुक्यातील टेंभुर्णी आणि उजनी धरणाच्या आसपासचा परिसर ऊस, केळी आणि डाळिंबाचा आहे. बांधावरचे गवत, बागेतले तण, फांद्यांची छाटणी आणि वर्षभर चालणाऱ्या फवारण्या यांसाठी घरोघरी लहान यंत्रे आली आहेत. खांद्याला अडकवायचा ग्रास कटर, पाठीवरचा पेट्रोल पंप, लाकडे कापायची चेनसॉ आणि अलीकडे ‘चार्जिंगचा पंप’ म्हणून ओळखला जाणारा बॅटरी पंप ही त्यांतली नेहमीची. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरूनही बॅटरीवरच्या फवारणी पंपांसाठी शेतकऱ्यांचे अर्ज घेतले गेले आहेत. परदेशातही वारे याच दिशेने आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२१ मध्ये कायदा करून अशा लहान पेट्रोल इंजिनांची नवी विक्री २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात केली.

दुकानात यंत्र घेताना किंमत, ताकद आणि एका चार्जिंगमध्ये किती काम होते हे विचारले जाते. दवाखान्यात मात्र याच यंत्रांशी जोडलेल्या तक्रारी वेगळ्या नावाने येतात: ‘कानात शिट्टी वाजते’, ‘सकाळी बोटे झोपल्यासारखी वाटतात’, ‘गवत कापताना डोळ्यात काही गेले’, ‘फवारून आल्यापासून गरगरते’. यंत्र बदलल्याने यांतल्या कोणत्या तक्रारी कमी होतील आणि कोणत्या होणार नाहीत, हे खरेदीआधीच माहीत असलेले बरे.

बॅटरीमुळे कोणते धोके टळतात?

*१. धूर*

ग्रास कटर, चेनसॉ आणि पाठीवरचे अनेक पंप टू-स्ट्रोक इंजिनावर चालतात. त्यात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात आणि इंधनाचा काही भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. इंजिन पाठीला किंवा खांद्याला असल्याने तो धूर थेट चालवणाऱ्याच्या श्वासात जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड, सूक्ष्म कण आणि बेंझिन असते. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेले आहे.

मोकळ्या शेतात धूर लवकर पांगतो. शेड, गोठा, पॉलिहाऊस किंवा शेततळ्याच्या खड्ड्यासारख्या बंदिस्त जागेत तो साचतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, चक्कर, मळमळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही सुरुवातीची लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच असतात. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे ठरते. रक्तात कार्बन मोनॉक्साइड भरलेला असतानाही ते ९८ टक्के दाखवू शकते. म्हणून आकडा चांगला आहे असे समजून घरी थांबू नये. गर्भवतीच्या बाबतीत विशेष जपावे, कारण हा वायू आईपेक्षा गर्भाला जास्त घातक ठरू शकतो.

विहिरीचे पाणी उपसण्यासाठी पेट्रोल किंवा डिझेल इंजिन कधीही आत उतरवू नका. आत साचलेल्या धुराने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो. अशा वेळी दोर टाका, आरडाओरडा करून मदत बोलवा, १०१ किंवा ११२ ला फोन करा, पण स्वतः आत उतरू नका.

*२. पेट्रोलची हाताळणी*

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याची सवय अजूनही दिसते. त्यात थोडे पेट्रोल श्वासनलिकेत गेले, तर फुप्फुसाला रासायनिक सूज येते. काही तासांत खोकला, ताप आणि धाप सुरू होते. पेट्रोल पोटात गेले असेल तर उलटी करवू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत पेट्रोल भरून ठेवले, तर तहानलेले मूल ते पिऊ शकते. बॅटरीचे यंत्र आले की घरातली ही बाटलीच जाते.

गरम इंजिनात पेट्रोल ओतताना भडका उडून भाजण्याचे प्रकारही होतात. भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा तेल लावू नका.

*३. आवाज*

पेट्रोल ग्रास कटर चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण ९५ ते १०५ डेसिबल आवाज पोहोचतो. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे कानाचे संरक्षण न करता इतका वेळच काम करणे सुरक्षित मानले जाते:

- ८५ डेसिबल: ८ तास
- ८८ डेसिबल: ४ तास
- ९१ डेसिबल: २ तास
- ९४ डेसिबल: १ तास
- १०० डेसिबल: १५ मिनिटे

म्हणजे आवाज फक्त ३ डेसिबलने वाढला तरी सुरक्षित वेळ निम्मा होतो. याच हिशेबाने यंत्राचा आवाज १० डेसिबलने कमी झाला, तर कानाला मिळणारी सवलत मोठी असते. बॅटरीचे यंत्र बहुधा इतके तरी शांत असते. तरीही पाते किंवा नायलॉन दोरी फिरण्याचा आवाज उरतोच. त्यामुळे तासन्‌तास काम असेल, तर बॅटरीच्या यंत्रावरही कानावर इअरमफ लावावेत. कापसाचा बोळा पुरेसा नाही.

आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ती हळूहळू जाते, म्हणून माणसाला स्वतःला कळत नाही. बहुधा घरचेच सांगतात की टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवता. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहणे किंवा चार माणसांत बोलणे नीट न कळणे ही सुरुवातीची खूण आहे. कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री नावाची साधी, न दुखणारी तपासणी करून घ्यावी.

*४. हाताला बसणारी थरथर*

इंजिनाची थरथर वर्षानुवर्षे हातात भिनली, तर बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. थंडीच्या सकाळी बोटांची टोके पांढरी पडतात, मुंग्या येतात, सदऱ्याचे बटण लावणे अवघड होते. तंबाखू, बिडी, सिगारेट यांमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि त्रास वाढतो. सुरुवातीला थांबवले तर आजार आटोक्यात राहतो, पुढे गेलेला बधिरपणा मात्र कायमचा राहू शकतो.

बॅटरीच्या मोटारीची थरथर इंजिनापेक्षा सहसा कमी असते. पण वाकलेले पाते किंवा असमान दोरी लावली, तर तेही यंत्र हाताला हादरे देतेच. मधुमेह असलेल्यांनी बोटांच्या बधिरपणाचे खापर लगेच यंत्रावर फोडू नये. मधुमेहानेही नसा खराब होतात आणि मनगटात नस दबल्यानेही असाच त्रास होतो. तपासून घेतले तरच नेमके कारण कळते.

बॅटरीमुळे कोणते धोके टळत नाहीत?

गावात कडबाकुट्टी विजेच्या मोटारीवर चालू लागून कितीतरी वर्षे झाली. तिला धूर नाही, पेट्रोल नाही. तरीही बोटे आणि हात गमावण्याचे अपघात थांबले नाहीत, कारण इजा पात्याने होते. ग्रास कटरचेही तसेच आहे.

*१. पाते आणि उडणारे खडे*

धातूचे पाते दगडावर आपटले की खडा किंवा पात्याचा कण गोळीसारखा उडतो. यंत्र शांत असल्याने लोक जवळ येऊन बोलू लागतात, मुले मागे उभी राहतात. काम चालू असताना १५ मीटरच्या आत कोणीही नसावे. पेट्रोलचे इंजिन सुरू करायला दोरी ओढावी लागते, बॅटरीचे यंत्र मात्र बोट दाबताच फिरते. म्हणून अडकलेले गवत काढण्यापूर्वी बॅटरी बाहेर काढून ठेवायचीच, हा नियम घरातल्या सगळ्यांना सांगावा.

डोळ्यांचा गॉगल, बूट, जाड पँट आणि शक्यतो चेहऱ्यावरची जाळी वापरावी. डोळ्यात काही गेलेच तर:

- डोळा चोळू नका. नुसती धूळ असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा.
- खडा किंवा धातूचा कण जोरात आत घुसला असेल, तर धुऊ नका, दाबू नका. कागदी कपासारखे काहीतरी डोळ्यावर दाब न देता झाकून नेत्रतज्ज्ञांकडे जा.
- धातूचा बारीक कण फारसे न दुखताही आत राहू शकतो. ‘पाते दगडावर आपटले होते’ हे डॉक्टरांना जरूर सांगा. असा कण आत असताना एमआरआय तपासणी धोक्याची असते.
- उसाचे पाते किंवा गवताची काडी लागून डोळा लाल झाला असेल, तर दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नका. वनस्पतीच्या जखमेत बुरशी वाढते, स्टेरॉइडने ती भराभर पसरते आणि नजर जाऊ शकते.

*२. धूळ आणि गाजर गवत*

गाजर गवतामुळे त्वचेची तीव्र ॲलर्जी होते आणि काहींचा दमा उठतो. नायलॉन दोरीच्या यंत्राने ते कापले, की त्याचे तुकडे आणि रस चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर उडतो. यंत्र पेट्रोलचे असो वा बॅटरीचे, परिणाम तोच. गाजर गवत फुलावर येण्याआधी काढावे. काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि एन-९५ मास्क वापरावा, काम झाल्यावर साबणाने आंघोळ करावी. ज्यांना आधीच ॲलर्जी आहे त्यांनी हे काम करूच नये.

*३. फवारणीचे औषध*

हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हाताने दांडा मारायच्या पंपाला एक नैसर्गिक मर्यादा होती. हात दुखला की माणूस थांबायचा. बॅटरी पंपाला ती मर्यादा नाही. दाब सारखा राहतो, फवारा अखंड चालतो आणि एका दिवसात जास्त टाक्या होतात. ज्या ठिकाणी मजुरी पंपामागे ठरते, तिथे तर जास्त पंप मारण्याकडेच कल राहतो. काम जलद होते, पण त्याच माणसाच्या कातडीवर आणि श्वासात जाणारे औषधही वाढते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. कारणांच्या चर्चेत उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव यांबरोबर बारीक आणि जोरकस फवारा मारणाऱ्या बॅटरी पंपांचाही उल्लेख झाला. टेंभुर्णीच्या बाजूला कपाशी नसली तरी ऊस आणि केळी डोक्याच्या वर जातात. वर नोझल धरून फवारले की औषध आपल्याच अंगावर उतरते.

म्हणून बॅटरी पंप घेतला तर हे नियम त्याच्याबरोबर घरात यावेत:

- डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे बिनविषारी नव्हे.
- डब्यावर लिहिलेले प्रमाणच वापरा. दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नका.
- रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, बूट, टोपी, गॉगल आणि लेबलवर सांगितलेला मास्क वापरा. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाची वाफ अडवत नाही.
- वाऱ्याच्या दिशेला पाठ करून फवारा. भर दुपारी फवारू नका.
- टाकी गळत असेल तर काम थांबवा. पाठीवर भिजलेला सदरा म्हणजे तासन्‌तास कातडीतून आत शिरणारे औषध.
- तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. मध्येच तंबाखू मळू नका, हात न धुता पाणी पिऊ नका.
- एकाच माणसाने दिवसभर आणि रोज फवारू नये. पाळी लावा.
- फवारणीचे कपडे वेगळे धुवा, तेही हातमोजे घालून. घरातल्या स्त्रियांना या कपड्यांतूनच औषधाचा संपर्क होतो.
- १८ वर्षांखालील मुलांनी, गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी फवारणी करू नये.

एक चांगली बाजूही सांगायला हवी. हलके ग्रास कटर हाताशी असेल, तर तणनाशकाची गरज कमी होते. पॅराक्वाटसारख्या तणनाशकावर उतारा नाही आणि त्याचा एखादा घोटही जीव घेऊ शकतो. असे औषध घरातच नसणे हे लहान मुलांसाठी आणि मनाने खचलेल्या माणसासाठीही मोठे संरक्षण आहे.

विषबाधा कशी ओळखावी? लगेच काय करावे?

अनेक कीटकनाशकांच्या विषबाधेत पुढील लक्षणे दिसतात:

- डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब
- खूप घाम, तोंडाला लाळ, नाका-डोळ्यांतून पाणी
- डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणे, अंधूक दिसणे
- स्नायू फडफडणे, अशक्तपणा, छातीत घरघर, दम लागणे, झटके

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. त्यामुळे ‘ऊन लागले असेल’ म्हणून सावलीत झोपवले जाते आणि मोलाचा वेळ जातो. उन्हाच्या त्रासात लाळ गळत नाही आणि बाहुली बारीक होत नाही. शंका असेल तर विषबाधाच समजून चाला.

१. रुग्णाला शेतातून मोकळ्या हवेत आणा. मदत करणाऱ्याने स्वतः हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हातात घालाव्यात.
२. सर्व कपडे काढा. साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवा. डोळ्यात गेले असेल तर किमान १५ मिनिटे पाण्याने धुवा.
३. उलटी करवू नका. दूध, तूप, मिठाचे पाणी, लिंबू यांपैकी काही पाजू नका.
४. बेशुद्ध असेल आणि श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा.
५. १०८ रुग्णवाहिका बोलवा. औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो बरोबर न्या.

कोणत्या गटाचे औषध होते हे कळले की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते. काही गटांवर ॲट्रोपिनसारखे उतारे आहेत आणि ते लवकर दिले तर जीव वाचतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. प्राथमिक उपचारानंतर गरज पडल्यास सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी हलवले जाते. त्रास कमी वाटला तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी नेऊ नये. काही विषबाधांत एक ते चार दिवसांनी श्वसनाचे स्नायू पुन्हा दुबळे होतात.

बॅटरीबरोबर येणारे नवे धोके

*लिथियम बॅटरी:* हलकी असते, पण आपटली, भिजली, फार तापली किंवा चुकीच्या चार्जरला लावली तर पेट घेऊ शकते. फुगलेली, वास येणारी किंवा सूं-सूं आवाज करणारी बॅटरी वापरू नका. चार्जिंग फरशीवर, मोकळ्या जागेत आणि कोणी जागे असताना करावे. अंथरुणावर, कडब्याजवळ किंवा घराच्या एकमेव दाराशी करू नये. शेतात रात्रीची वीज असते म्हणून बॅटरी रात्रभर लावून झोपू नये. भर उन्हात गाडीत ठेवू नये. पेट घेतला तर तिचा धूर विषारी असतो. सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

*लेड-ॲसिड बॅटरी:* अनेक फवारणी पंपांत हीच १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यातले ॲसिड डोळ्यात गेले तर लगेच २० मिनिटे पाण्याने धुऊन रुग्णालयात जा. जुनी बॅटरी घरी फोडू नका. शिशाची धूळ हातांवाटे आणि जमिनीवरून मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे ती दुकानदाराकडे परत द्यावी.

*शॉक:* अवजाराच्या बॅटरीचा दाब कमी असतो, चार्जर मात्र २३० व्होल्टवर चालतो. ओल्या हाताने किंवा ओल्या जमिनीवर उभे राहून चार्जर लावू नका. अर्थिंग आणि गळतीची वीज तोडणारा स्विच वायरमनकडून तपासून घ्या.

*वजन:* १६ लिटरची भरलेली टाकी म्हणजे केवळ पाण्याचेच १६ किलो, त्यात पंप आणि बॅटरीची भर. कंबरदुखी असेल तर टाकी अर्धीच भरा, पट्टे दोन्ही खांद्यांवर समान घ्या आणि जमिनीवरून उचलण्याऐवजी ओट्यावर ठेवून पाठीवर चढवा.

कोणी आधी बदलावे?

- दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले
- छातीत दुखणे, हार्ट अटॅक किंवा ॲन्जिओप्लास्टी झालेले (काम किती करायचे हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच)
- कानात आवाज येणारे किंवा ऐकू कमी येणारे
- बोटे पांढरी किंवा बधिर पडणारे
- पॉलिहाऊस किंवा शेडमध्ये काम करणारे
- रोज अनेक तास मजुरीने गवत कापणारे

सगळी यंत्रे एकदम बदलणे परवडत नसेल, तर जे यंत्र सर्वांत जास्त तास चालते ते आधी बदला. पेसमेकर बसवला असेल, तर इंजिनाचा स्पार्क, बॅटरीची मोटार आणि चार्जर यांपासून किती अंतर ठेवायचे हे डॉक्टरांना विचारून घ्या.

लगेच बदलणे शक्य नसेल तर?

पेट्रोलचे यंत्रही कमी त्रासदायक करता येते. कानाला इअरमफ लावा. अर्ध्या तासाने यंत्र दुसऱ्याच्या हाती द्या किंवा विश्रांती घ्या. पाते धारदार आणि समतोल ठेवा. इंजिनाची सर्व्हिसिंग वेळेवर करा. बंदिस्त जागेत चालवू नका. इंजिन थंड झाल्यावरच पेट्रोल भरा, तेही नरसाळ्याने आणि बिडी-काडी दूर ठेवून.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बॅटरी पंप घेतल्यावर मास्क लागतो का?*
हो. मास्क औषधासाठी असतो, इंजिनाच्या धुरासाठी नाही.

*वडिलांना दमा आहे. बॅटरीच्या ग्रास कटरने ते गवत कापू शकतील का?*
दमा आटोक्यात असेल तर थोडा वेळ, मास्क लावून आणि गवतावरचे दव वाळण्याआधी, म्हणजे धूळ कमी असताना. डॉक्टरांनी दिलेला पंप खिशात असावा. सध्या रात्री खोकला किंवा धाप असेल तर नको.

*यंत्र बदलल्यावर कानातली शिट्टी थांबेल का?*
नुकतीच सुरू झाली असेल तर कमी होऊ शकते. गेलेली श्रवणशक्ती भरून येत नाही, उरलेली मात्र वाचते.

*मजूर फवारतो, तर आमची जबाबदारी काय?*
हातमोजे, मास्क, साबण-पाणी आणि विश्रांती देणे हे पंप देणाऱ्याचे काम आहे. पंपामागे मजुरी ठरवण्याऐवजी दिवसावर ठरवली, तर घाई आणि संपर्क दोन्ही कमी होतात.

डॉक्टरांना कधी भेटावे?

कामानंतर कानातला आवाज एका दिवसात थांबला नाही, बोटे वारंवार पांढरी पडू लागली, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा अंधूक दिसू लागले, पेट्रोल तोंडात गेल्यावर खोकला सुरू झाला, किंवा फवारणीच्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळे वाटले, तर वाट पाहू नये. तपासणीच्या वेळी कोणते यंत्र, रोज किती तास आणि कोणते औषध ही तीन उत्तरे तयार ठेवा. निदान लवकर होण्यासाठी ती फार उपयोगी पडतात.

*ही माहिती आरोग्यशिक्षणासाठी आहे. ती तुमच्या डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीची आणि सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.*